हौशी आणि हौशेगवशे

आपल्याकडच्या कोणत्याही मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जावे. पडदा उघडण्यापूर्वी निवेदक ध्वनिक्षेपकासमोर येतात आणि एक वाक्य हमखास म्हणतात : "आमचे कलावंत हौशी आहेत, तेव्हा काही उणेअधिक झाल्यास रसिकांनी सांभाळून घ्यावे." रसिक मोठ्या मनाने मान डोलावतात. पुढच्या दोन तासांत जे उणे व्हायचे ते होते. अधिक मात्र क्वचितच होते. इंदूर असो की बडोदे, ग्वाल्हेर असो की हैदराबाद, हे वाक्य सर्वत्र जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येते. स्मरणिकेच्या संपादकीयात ते असते, गणेशोत्सवातल्या नाटकाच्या परीक्षणात असते, कविसंमेलनाच्या प्रास्ताविकात असते. या वाक्यातल्या नम्रतेला आमचा आक्षेप नाही. 'हौशी' या शब्दाकडून त्यात जे काम करून घेतले जाते, त्याला आहे.

या शब्दाला सध्या दोन्ही बाजूंनी मार बसतो आहे. एकीकडे तो माफीनाम्याचा शब्द झाला आहे. पाठांतर झाले नाही, तालमीला चारच जण आले, संदर्भ तपासला नाही, की 'आम्ही हौशी' म्हणावे आणि मोकळे व्हावे. दुसरीकडे तो हेटाळणीचा शब्द झाला आहे. 'ठीक आहे, हौशी काम आहे,' असे म्हणणाऱ्याच्या मनात 'कच्चे काम' असा अर्थ असतो. पहिला प्रकार आपण स्वतःबद्दल करतो, दुसरा दुसऱ्याबद्दल; पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे. ती अशी की, हौशी म्हणजे ज्याच्याकडून फारशी अपेक्षा करू नये असा माणूस. ही समजूत चुकीची आहे, आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. 'हौस' आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आली. मूळ 'हवस' म्हणजे वेड, अनावर लालसा. उर्दूने आणि हिंदीने हा अर्थ जवळजवळ तसाच ठेवला. उर्दू कवितेत इश्काच्या विरुद्ध बाजूला हवस उभी असते, आणि हिंदी वर्तमानपत्राच्या मथळ्यात हा शब्द दिसला की बातमी कसल्यातरी अत्याचाराची आहे हे न वाचताच कळते. माळव्यातल्या आणि हैदराबादच्या वाचकांना हे आम्ही सांगायला नको. मराठीने मात्र या शब्दाला घरात घेतले, न्हाऊमाखू घातले आणि त्याचे रूपच पालटले. आपल्याकडे डोहाळजेवण हौसेने होते, पहिल्या नातवाचे बारसे हौसेने होते, लेकीचे नाव हौसा ठेवले जाते. जो शब्द शेजारच्या भाषेत चारचौघांत उच्चारायला संकोच वाटावा, तो आपल्याकडे लेकीला हाक मारण्यासाठी वापरला गेला. परक्या शब्दाला इतक्या प्रेमाने वागवल्याची उदाहरणे फार नाहीत.

शेजारच्या भाषांनी याच अर्थासाठी कोणते शब्द योजले हे पाहिले की आपल्या शब्दाचे वेगळेपण अधिक कळते. हिंदीत 'शौकिया' म्हणतात. तो शब्द शौकातून आला आहे आणि त्यात थोडी चैन आहे, फावल्या वेळेची झाक आहे. गुजरातीत नाटकाच्या संदर्भात 'अवेतन' हा शब्द रुजला. चंद्रवदन मेहता यांनी 'धंधादारी' रंगभूमीवर टीकेचे आसूड ओढले आणि अवेतन रंगभूमीची बाजू आयुष्यभर लढवली, हे बडोद्याच्या मंडळींना माहीत आहेच. 'अवेतन' हा शब्द कामाचा आहे, स्वच्छ आहे; पण तो फक्त काय मिळत नाही एवढेच सांगतो. कन्नडमध्ये 'हव्यासी' म्हणतात. बेळगावकरांना याची गंमत वाटत असणार, कारण मराठीत हव्यास म्हणजे न भागणारी हाव, आणि कन्नडमध्ये तोच शब्द छंदाचा व छंद जोपासणाऱ्याचा झाला आहे. तेलुगूत 'औत्साहिक' म्हणतात, म्हणजे उत्साही. यांपैकी एकही शब्द वाईट नाही. तरीही माणूस हे काम कशासाठी करतो, याचे उत्तर इतक्या घरगुती जिव्हाळ्याने देणारा शब्द 'हौशी'च. इंग्रजीतला 'अमॅच्युअर' मूळ लॅटिनमधल्या 'प्रेम करणारा' या शब्दावरून आला. मूळ अर्थ आपल्या शब्दाच्या जवळचा, आणि पुढे झालेली घसरणही तशीच.

आपल्याकडे एक म्हण आहे : हौसेला मोल नाही. ही म्हण आपण लग्नकार्यातल्या उधळपट्टीचे समर्थन करण्यासाठी वापरतो, पण तिचा सरळ अर्थ नीट पाहावा. ज्याला हौस आहे तो किंमत मोजताना मागेपुढे पाहत नाही, असे ती सांगते. म्हणजे हौशी मनुष्य हा किंमत चुकवणारा मनुष्य आहे. तो पदरचे पैसे घालतो, रात्रीची झोप घालतो, कचेरीतली रजा घालतो. आज आपण जो अर्थ रूढ करतो आहोत तो याच्या अगदी उलट आहे. त्यात हौशी म्हणजे ज्याच्याकडे काहीही मागायचे नाही असा. म्हणीतला हौशी सर्वस्व देणारा, आणि निवेदकांचा हौशी सवलत मागणारा. ही दोन माणसे एक कशी असतील?

ती एक नाहीतच, आणि मराठीने त्यांच्यासाठी दोन वेगळे शब्द करूनही ठेवले आहेत. जत्रेला तीन प्रकारची माणसे जातात असे जुने लोक सांगत : हौशे, नवशे आणि गवशे. हौशे मौजेसाठी जातात, नवशे नवस फेडायला जातात, आणि गवशे काही गवसते का ते पाहायला जातात. बोलण्याच्या ओघात या तिघांतला मधला गळाला आणि 'हौशेगवशे' असा जोडशब्द तयार झाला. नवशाचा गळाठा झाला हे फार सूचक आहे. नवस बोललेला मनुष्य अनवाणी चालतो, उपास करतो, ठरल्या तिथीला हजर राहतो. तो निघून गेला, आणि मागे राहिली ती केवळ मौजेखातर आलेल्यांची आणि संधी शोधणाऱ्यांची गर्दी. सहज वाकडी वाट करून आलेला, कशातच न गुंतलेला, आज नाटकात, उद्या कवितेत, परवा इतिहाससंशोधनात दिसणारा आणि कोठेही दुसऱ्या वर्षी न सापडणारा जो मनुष्य, त्याचे नाव हौशागवशा. नेमका, चपखल आणि थोडा बोचरा असा हा शब्द मराठीत असताना त्याचे ओझे बिचाऱ्या 'हौशी'वर लादण्याचे कारण नाही. आमच्या मते खरा हौशी हा वृत्तीने नवशाच असतो. त्याने कोणापुढे नवस बोलला, हा प्रश्न निराळा.

पैसे घेऊन काम करणाऱ्यांच्या बाबतीत हा विवेक आपण नीट पाळतो. 'व्यावसायिक' म्हटले की आदर असतो, आणि 'धंदेवाईक' म्हटले की आज तरी नापसंती असते. दोघेही आपल्या कामाचे पैसेच घेतात; पण एकाने कामाचा मान राखला आणि दुसऱ्याने तो विकला, हा फरक आपण शब्दातूनच दाखवतो. मग बिनपैशाने काम करणाऱ्यांतही असा फरक दाखवायला काय हरकत आहे? व्यावसायिक आणि धंदेवाईक यांच्यात जे अंतर, तेच हौशी आणि हौशागवशा यांच्यात. 'हौशी'चा विरुद्धार्थी शब्द 'व्यावसायिक' आहे, 'कुशल' नव्हे. जो नुकताच आला तो नवखा. ज्याच्याविषयी आशा वाटते तो होतकरू. ज्याचे काम अपुरे राहिले तो कच्चा. ज्याने एका विषयाला वर्षानुवर्षे वाहून घेतले तो व्यासंगी. हे शब्द अनुभव, गुण आणि निष्ठा मोजतात. 'हौशी' यांपैकी काहीच मोजत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की, या मनुष्याची चूल या कामावर पेटत नाही. म्हणून हौशी मनुष्य कच्चा असू शकतो आणि व्यासंगीही असू शकतो, जसा व्यावसायिकही असू शकतो.

उदाहरणे हवी असतील तर दूर जायला नको. डॉ. श्रीराम लागू हे व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात हौशी रंगभूमीवर अनेक वर्षे काम केल्यावर १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडली आणि ते पूर्णवेळ नट झाले. त्या दिवशी त्यांच्या अभिनयात काय बदलले? काहीच नाही. बदलले ते उपजीविकेचे साधन. आदल्या दिवशी ते हौशी होते म्हणून लहान नट आणि दुसऱ्या दिवशी व्यावसायिक झाले म्हणून मोठे नट, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात झाला तो प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेचा. दिग्दर्शक जब्बार पटेल आणि नाना फडणविसांच्या भूमिकेतले मोहन आगाशे, दोघेही वैद्यक क्षेत्रातले. पुढे संस्थेत मतभेद झाले, मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली, आणि १९८० मध्ये हे नाटक युरोपात गेले. त्या दौऱ्यात 'आम्ही हौशी आहोत, सांभाळून घ्या' असे सांगत हिंडल्याने नाटक गाजले नाही. माणसांची ती लांबच लांब रांग एका श्वासात, एका तालात हलत होती, म्हणून गाजले. असा ताल तालमीतून येतो, आणि तालमीला येणाऱ्याला पगार आहे की नाही हे तालाला कळत नाही.

त्याच्याही आधीचे एक उदाहरण आमच्या मुद्द्याला फारच जवळचे आहे. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे १९६७ मध्ये 'रंगायन'ने सादर केले. नाटकाचा विषयच एका हौशी नाटकमंडळीचा आहे. वकिली न चालणारे सुखात्मे, इंटर नापास झालेले पोंक्षे अशी आपापल्या क्षेत्रात मागे राहिलेली माणसे एका गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येतात, आणि वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या खेळात आपल्यातल्याच एका स्त्रीला, बेणारे बाईंना, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून तिच्या आयुष्याची चिरफाड करतात. ती मंडळी हौशेगवशे आहेत. त्यांना नाटकाशी देणेघेणे नाही. हातात आलेल्या खेळाची जबाबदारी त्यांना वाटत नाही. आणि हे नाटक रंगमंचावर आणणारे अरविंद आणि सुलभा देशपांडे, 'रंगायन'ची सारी मंडळी, पोटासाठी नाटक करीत नव्हती. म्हणजे हौशेगवश्यांचे चित्र हौशी लोकांनी रंगवले. दोन शब्दांमधले अंतर यापेक्षा स्पष्ट करून दाखवता येईल असे आम्हांला वाटत नाही.

नाटक सोडून विद्येकडे वळले तरी हेच दिसते. 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा १८९६ चा ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते. पटवर्धनी दप्तर उलगडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढणारे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिकवीत. आणि गोविंद सखाराम सरदेसाई तर आपल्या बडोद्याचेच. १८८९ ते १९२५ अशी छत्तीस वर्षे ते सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. महाराजांना वाचून दाखवणे, राजपुत्रांना शिकवणे ही त्यांची कामे. इतिहासाच्या अध्यासनावर ते कधी बसले नाहीत. राजवाड्यातल्या दिनक्रमातून काढलेल्या वेळात 'मराठी रियासत' उभी राहिली, आणि निवृत्तीनंतर पेशवे दप्तराच्या पंचेचाळीस खंडांच्या संपादनाचे काम सरकारने त्यांच्यावरच सोपवले. शब्दाचा नेमका अर्थ घेतला तर हे तिघेही हौशी. 'हौशी इतिहासकार' असे सरदेसायांना म्हणून पाहावे, जीभ अडखळते. ती का अडखळते? शब्दात मूळचा अपमान नाही, आपण तो घातला आहे, म्हणून.

असा अपमान शब्दात शिरतो कसा, याचा थोडा विचार करावा. 'हौशी नट' म्हटले तर आजही फारसे लागत नाही. 'हौशी कवी' म्हटले की मात्र लागते. कारण उघड आहे. नटांत पगारी नट असतात, त्यामुळे तेथे 'हौशी' या विशेषणाला वर्गवारीचे काम असते. कवितेवर पोट भरणारा कवी मराठीत शोधूनही सापडणे कठीण. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबेही संस्थानी नोकऱ्यांवरच जगले. जेथे सगळेच हौशी तेथे 'हौशी' म्हणून वेगळे काय सांगणार? विशेषणाला काम उरत नाही, आणि रिकामे विशेषण निंदेच्या कामाला लागते. 'हौशी कवी' म्हणजे मग 'वाईट कवी'.

आता आपली स्थिती पाहावी. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या गावांत मराठीचे कोणते काम पगारी आहे? काही प्राध्यापक, काही शिक्षक, बेळगाव-गोव्यातले काही पत्रकार सोडले, तर सारे हौशी. ग्रंथालयात संध्याकाळी बसणारे गृहस्थ हौशी, बालवर्ग चालवणाऱ्या बाई हौशी, नाटक बसवणारे हौशी, स्मरणिकेची मुद्रिते तपासणारे हौशी, आणि तुमच्या हातातले हे पत्रक काढणारेही हौशी. तांब्यांच्या काळच्या कवीची जी अवस्था, ती आपल्या संपूर्ण मराठी जीवनाची आहे. म्हणूनच मुंबई-पुण्यापेक्षा आपल्याकडे हा शब्द अधिक वेगाने घसरला. तिकडे 'हौशी' शब्दाला अजून काम आहे. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्यस्पर्धेच्या नावातच 'हौशी' हा शब्द अभिमानाने आहे, आणि त्या स्पर्धेतून आलेल्या नाटकांनी मराठी रंगभूमीचा नकाशा बदलला. आपल्याकडे मात्र तुलनेला समोर कोणी नाही, म्हणून शब्द आपल्यावरच उलटला.

आणि म्हणून हा केवळ कोशकारांचा प्रश्न राहत नाही. जर हौशी म्हणजे कामचलाऊ, आणि आपल्या गावातले मराठीचे सारे काम हौशी, तर आपल्या गावातले सारे मराठीच कामचलाऊ ठरते. हे अनुमान आपण मोठ्याने काढीत नाही. पण घरातली तरुण मुले ते काढतात. त्यांना शाळेत हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू आहे, नोकरीत इंग्रजी आहे, आणि या सर्व ठिकाणी त्यांच्याकडून चोख काम मागितले जाते. मराठीच्या मंडपात आले की मात्र त्यांना सांगितले जाते, 'चालेल रे, आपलेच लोक आहेत.' ज्या भाषेत काहीही चालते ती भाषा महत्त्वाची नाही, हे समजायला त्यांना फार हुशारी लागत नाही. मुले मराठी मंडळात येत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी, त्यांच्यापुढे आपण कोणत्या दर्जाचे काम ठेवतो, याचाही हिशेब एकदा मांडावा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, 'उणेअधिक सांभाळून घ्या' हा केवळ विनय आहे. त्याचा एवढा बाऊ कशाला? विनयाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे हे खरे. नाटककार नांदीत आणि कीर्तनकार निरूपणात श्रोत्यांपुढे लीनता दाखवीत आले आहेत. पण ती लीनता पूर्ण तयारीनंतरची असे. पाठांतर करून आलेल्याने 'चूक झाल्यास क्षमा असावी' म्हणणे हा विनय. न करता आलेल्याने तेच म्हणणे ही आगाऊ सोडवून घेतलेली सुटका. शब्द तेच असले तरी कोणता प्रकार कोणता, हे पहिल्या दहा मिनिटांत समजते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आम्ही हलका मानत नाही. लोक म्हणतील, 'इतक्या दूरच्या प्रदेशात, पिढ्यान् पिढ्या, कोणी ना कोणी वेळ काढून चार ओळी मराठीत बोलतो, हेच पुष्कळ. तुम्ही दर्जाची छडी घेऊन उभे राहिलात तर येणारेही यायचे थांबतील.' नवख्यांच्या बाबतीत हे अगदी खरे आहे. प्रथमच रंगमंचावर आलेल्या मुलीचा उच्चार चुकला तर तिला प्रोत्साहनच दिले पाहिजे, आणि तिला आपण नवखी म्हणावे. शब्द आहेच. पण वीस-वीस वर्षे तेच चेहरे, तीच नाटके आणि तीच माफी घेऊन येणाऱ्यांना नवखे कसे म्हणायचे? शिवाय, आपले पूर्वज केवळ 'टिकून राहण्या'साठी हे करीत नव्हते. साहित्य संमेलन १९०९ मध्ये बडोद्याला भरले, १९१७ मध्ये इंदूरला, १९२९ मध्ये बेळगावला, १९३० मध्ये मडगावला, १९३१ मध्ये हैदराबादला. कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष लाभली, ती १९६१ मध्ये आपल्या ग्वाल्हेरला. ही संमेलने आपापल्या गावातल्या वकील, शिक्षक, कारकून मंडळींनी खांद्यावर घेतली. साऱ्या महाराष्ट्राने यावे आणि पाहावे असे काही आपण करू शकतो, असा त्यांचा विश्वास होता. ज्यांना नुसते टिकायचे असते ते असली आमंत्रणे देत नाहीत.

गोव्याची गोष्ट या बाबतीत थोडी निराळी आहे आणि शिकण्यासारखी आहे. तेथे गावोगावच्या देवळांत उत्सवाच्या रात्री गावकरी स्वतः संगीत नाटक उभे करतात. भूमिका करणारा सकाळी दुकानात, बागायतीत किंवा सरकारी कचेरीत असतो. पण त्याचे पद बेसूर झाले तर समोर बसलेली आजी त्याला माफ करीत नाही, कारण तिने त्या पदाच्या दहा तऱ्हा ऐकलेल्या असतात. देवापुढे सादर करायचे म्हणून काम चोख हवे ही भावना करणाऱ्याची, आणि कान तयार असल्यामुळे आलेली कठोरता ऐकणाऱ्याची. या दोहोंच्या मध्ये हौशेगवश्याला जागा उरत नाही. हौस आणि नवस तेथे अजून एकाच मंडपात आहेत.

आपल्यातल्या प्रेक्षकांनाही येथे दोन शब्द सुनावले पाहिजेत. मुंबईचे नाटक गावात आले की आपण महिनाभर आधी तिकिटे काढतो, वेळेपूर्वी जाऊन बसतो, आणि नट मालिकेतला असला तर मध्यंतरात त्याच्याबरोबर छायाचित्रही काढून घेतो. आपल्याच मंडळाच्या नाटकाला आपण अर्धा तास उशिरा जातो, भ्रमणध्वनी चालू ठेवतो, दुसऱ्या अंकाला उठतो, आणि जाताना 'छान झाले हं' म्हणतो. ही स्तुती म्हणजे अपमानच होय. न पाहता केलेल्या कौतुकातून नटाला एवढेच कळते की, आपण काय केले याने कोणाचे काही अडत नाही. व्यावसायिक नटाला निदान तिकीटबारी खरे सांगते. हौशी नटाला खरे सांगणारे प्रेक्षकांवाचून दुसरे कोणी नाही. ते काम आपण टाकले तर त्याने सुधारावे कोणाच्या आधाराने?

आता आम्हांला काय हवे ते सरळ सांगतो. आपल्या मंडळांच्या निवेदनांतून 'हौशी आहोत, सांभाळून घ्या' हे वाक्य कायमचे काढून टाकावे. त्याच्या जागी काही सांगायचेच असेल तर किती तालमी झाल्या ते सांगावे, म्हणजे ऐकणाराही सावरून बसेल. परीक्षण लिहिणाऱ्यांनी 'हौशी असूनही' हे शब्द वापरू नयेत. त्या 'असूनही'त सारा अपमान साठवलेला आहे. काम चांगले असेल तर चांगले म्हणावे, नसेल तर का नाही ते लिहावे, आणि लिहिताना नाव घ्यायला भिऊ नये. या पत्रकातल्या अशुद्ध लेखनाबद्दलही वाचकांनी आम्हांला हौशी म्हणून सोडू नये. चुका दाखवणारी पत्रे येतील ती आम्ही छापू. आणि 'हौशेगवशे' हा जुना, खणखणीत शब्द पुन्हा वापरात आणावा. जे तालमीला येत नाहीत पण छायाचित्रात पुढे असतात, जे ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत आहेत पण वर्षात एक पुस्तक नेत नाहीत, ज्यांना अध्यक्षपद हवे पण खुर्च्या मांडायला नको, त्यांच्यासाठी तो शब्द आपल्या पूर्वजांनी जत्रेच्या अनुभवातून घडवून ठेवला आहे. तो जेथे लागू आहे तेथे वापरला गेला, की 'हौशी'वरचे मळभ आपोआप दूर होईल.

मग 'हौशी' हा शब्द उरेल तो ज्यांचा आहे त्यांच्यासाठी. दिवसभर बँकेत आकडेमोड करून रात्री दहापर्यंत एका प्रवेशाची हालचाल बसवणाऱ्यासाठी. निवृत्तिवेतनातून जुन्या हस्तलिखितांच्या छायाप्रती काढून घेणाऱ्यासाठी. दर रविवारी सात-आठ मुलांपुढे 'ळ' आणि 'ल' यांतला फरक न कंटाळता सांगणाऱ्या बाईंसाठी. त्यांना कोणी पगार देत नाही, आणि पुढेही कोणी देईल असे दिसत नाही. त्यांच्या हातून होणारे काम आपल्या गावातल्या मराठीचे सारे काम आहे. ते चोख असावे अशी अपेक्षा त्यांच्याकडून उघडपणे करणे, एवढाच त्यांचा मान आपण राखू शकतो.